पुंगळीची मान आणि पुंगळीचा खांदा

"तुम्ही तिकडे नक्की करता तरी काय?" हा प्रश्न मला दुबईत ऊद मेथाच्या हॉलमध्ये दर गणपतीला कुणीतरी विचारायचं, आणि दर गणपतीला मी खरं उत्तर द्यायचा गाढवपणा करायचो.

"बंदुकीच्या रिकाम्या पुंगळ्या परत वापरता येतील अशा करतो," असं म्हटलं की समोरच्याचा मोदक तोंडाशी जाता जाता थांबायचा. बँकेतले साहेब दोन पावलं मागे सरकायचे. एक बाई तर आपल्या मुलाला हाताला धरून दुसऱ्या खोलीत घेऊन गेल्या. मुलगा जाता जाता ओरडला, "मम्मा, दॅट्स सो कूल!" अख्ख्या मंडळात माझ्या धंद्याची कदर असलेला तो एकटाच. मग शोभा, म्हणजे माझी बायको, मध्ये पडायची. "हे मेटलर्जीत आहेत हो," असं म्हणायची आणि विषय मोदकाच्या सारणावर न्यायची. मेटलर्जी म्हटलं की आपली माणसं गप्प होतात. जे कळत नाही त्याचा आपल्याकडे आदर फार.

तर खुलासा करतो. मी एका नेमबाजीच्या क्लबात नोकरीला होतो. शारजा सोडून वाळवंटाकडे निघालं की लागतो. सगळं परवान्यातलं, सगळं कुलपात, आणि रिकामी पुंगळीसुद्धा परवानगीशिवाय आवाराबाहेर नेता येत नाही इतकं कडक. त्याआधी पुण्याजवळ सरकारी कारखान्यात काडतुसांच्याच खात्यात होतो. तिथे पुंगळ्या नव्या बनवायचो, इथे जुन्या जगवायचो. ह्याला परदेशात प्रगती म्हणतात.

आता काडतूस म्हणजे काय ते सांगतो, कारण काडतूस आणि गोळी एकच असं समजणाऱ्यांनीच मला आजवर सगळ्यात जास्त सल्ले दिलेत. काडतुसात चार गोष्टी असतात. पितळेची पुंगळी, तिच्या बुडात बसवलेली टोपी, आत दारू आणि तोंडात गोळी. दारू ऐकून ज्यांचे कान टवकारले त्यांनी ते खाली घ्यावेत, ही ती नव्हे. घोडा दाबला की टोपी फुटते, दारू पेटते, गोळी जाते. मागे राहते ती पुंगळी. रायफलची पुंगळी दिसायला बाटलीसारखी. खाली बूड, मग अंग, मग खांदा, वर मान.

पितळ हा मोठा समजूतदार धातू आहे. दारू पेटली की पुंगळी फुगते आणि बंदुकीच्या घराला, म्हणजे काडतूस बसतं त्या खोबणीला, आतून चिकटून बसते, म्हणून आग मागे नेमबाजाच्या तोंडावर येत नाही. मग जराशी आक्रसते आणि बाहेर निघते. पण पहिल्या मापाची राहत नाही, लग्नाच्या पंगतीतून उठलेल्या माणसासारखी थोडी सुटलेली असते. परत वापरायची तर तिला तेलाचा हात लावून पोलादी साच्यात दाबायची. साच्याला आम्ही डाय म्हणतो. दांडा ओढला की पुंगळी मापात. झालं, हेच माझं करिअर. "ह्यात काय एवढं?" असं विचारणारे ढिगाने भेटले. त्यांना सांगायचो, काही नाही, दांडा ओढायचा. फक्त कुठे थांबायचं ते कळलं पाहिजे.

कारण खांदा फार मागे दाबला, तर पुढच्या बाराला पुंगळीला तेवढं पुढे ताणावं लागतं. बूड तर मागे घट्ट धरलेलं. मग ताण येतो बुडाच्या जरा वर, आणि तिथलं पितळ आतून पातळ होतं. दर बाराला आणखी पातळ. आधी बाहेरून बारीक चकचकीत कडं दिसायला लागतं, आणि एक दिवस तिथेच तिचे दोन तुकडे होतात. तेव्हा आग मागे येते, आणि मागे माणसाचा डोळा असतो. म्हणून खांदा केसभर मागे सरकवायचा, बंदूक बंद होण्यापुरता, त्यापुढे नाही. प्रत्येक बंदुकीचं घर वेगळं, म्हणून प्रत्येकीचं माप वेगळं. एकीची पुंगळी दुसरीला लावायची नाही.

हे सगळं समजावून सांगितल्यावर आमचे एक मेंबर, बिल्डिंगांचे मोठे शेठ, म्हणाले, "वो सब ठीक है भाई, लेकिन मेरा पूरा दबाओ. एकदम नया जैसा चाहिए." मी म्हटलं, शेठ, नव्यासारखी दिसेल पण लवकर मरेल. ते म्हणाले, "पैसा दिया है ना? फिर आधा काहे को दबाते हो?" माणसाला वाटतं, जेवढा जास्त दाब तेवढं काम जास्त. त्यांना दुसरीकडे कुणीतरी पूर्ण दाबून दिलं. थोड्याच महिन्यांत अर्धी पुंगळी बंदुकीतच अडकून बसली आणि अर्धी बाहेर आली. डोळ्याला काही झालं नाही, देवाची कृपा. शेठ म्हणाले, "आजकल माल में दम नहीं है."

दुसरे एक सद्गृहस्थ घरची इम्पोर्टेड डाय घेऊन आले होते आणि तेलाला हात लावायला तयार नव्हते. "इट्स अ प्रीमियम डाय," म्हणाले, "तेलाबिलाची गरज नाही." प्रीमियम डायमध्ये त्यांची पुंगळी अशी काही रुतली की मी, पठाण वॉचमन आणि एक पाइपरेंच, तिघं मिळून घाम गाळत बसलो. ते शेजारी उभे राहून व्हिडिओ काढत होते. शेवटी पुंगळीचं बूड तुटून हातात आलं. "इट हॅपन्स," असं म्हणून त्यांनी मलाच धीर दिला.

आमचे मॅनेजर परांजपे. पुण्याचेच, माणूस वाईट नाही, पण कुठलीही गोष्ट तिच्या नावाने हाक मारून बोलवायची नाही अशी त्यांना शपथ असावी. पुंगळी जगवण्याला ते 'केस लाइफ-सायकल मॅनेजमेंट' म्हणायचे. त्यांनी मीटिंगमध्ये मला उभं करून सांगितलं, की हे आपले सस्टेनेबिलिटी चॅम्पियन. इतकी वर्षं मी पर्यावरण वाचवतोय ह्याचा मला पत्ताच नव्हता. घरी येऊन शोभाला सांगितलं, तर ती म्हणाली, "मग घरातले पंखे तरी बंद करत जा."

पण हे सगळं प्रस्तावना म्हणून. मला खरं सांगायचं आहे ते अबू मरियम यांच्याबद्दल.

अबू मरियम म्हणजे मरियमचा बाप. त्यांना ती एकच मुलगी, म्हणून सगळे त्याच नावाने हाक मारायचे. सत्तरीपुढचे इमाराती गृहस्थ, तरुणपणी मुंबईच्या व्यापाऱ्यांशी व्यवहार केलेले, त्यामुळे माझ्याहून बरं हिंदी. क्लबात महागड्या नव्या रायफली घेऊन येणाऱ्यांची रांग असायची. हे यायचे वडिलांची जुनी लांबलचक बंदूक घेऊन. लाकूड हाताळून काळंभोर झालेलं. त्या मापाची पुंगळी आता कुठलाच कारखाना बनवत नाही. त्यांच्याकडे होत्या त्या वडिलांच्या वेळच्या, दोन ओंजळी भरतील एवढ्या. ज्या दिवशी शेवटची पुंगळी जाईल, त्या दिवशी ती बंदूक दिवाणखान्यातली शोभा होणार, हे त्यांना माहीत होतं.

"सुदाकर," पहिल्याच दिवशी त्यांनी मला विचारलं. माझ्या नावातला 'ध' त्यांना कधी जमला नाही. "ये माल कितना जियेगा?"

"आप कम चलायेगा, मैं कम दबायेगा, तो जियेगा," मी म्हटलं. आखातात राहून माझं हिंदी असं झालं होतं की हिंदी माणसाने रडावं.

त्यांच्या बंदुकीचं घर जुन्या पद्धतीचं, ऐसपैस. तिथे पुंगळी पूर्ण दाबली तर दर वेळी भरपूर ताणली जाणार, आणि आधी कुणीतरी अशाच दाबलेल्याही होत्या. म्हणून मी ठरवलं, खांद्याला हातच लावायचा नाही, फक्त मान दाबायची. गोळी पकडण्यापुरती मान बारीक करायची, बाकी अंग त्या बंदुकीत बसून जसं झालंय तसं ठेवायचं. बंदूक बंद करताना जड जायला लागली तरच खांदा केसभर मागे. नुसती मान दाबायची डाय त्या मापात बाजारात नव्हतीच. शारजाच्या इंडस्ट्रियल एरियात एका लेथवाल्या उस्तादाने ती मला बनवून दिली. नमुना म्हणून त्याला बंदुकीच्या घराचा मेणाचा ठसा दाखवला, तर त्याने विचारलं, "ये किस गाड़ी का पार्ट है?" मी म्हटलं, बहुत पुरानी गाड़ी है.

दर वेळी दाबून दाबून मानेचं पितळ कडक होतं आणि चिरतं, म्हणून मधूनमधून मान ज्योतीवर धरून मऊ करायची. बुडाला ज्योत लागू द्यायची नाही. आणि प्रत्येक पुंगळीच्या बुडावर मार्करने ठिपका द्यायचा, दर बाराला एक. ठिपके आणि ते चकचकीत कडं बघून मी त्या खजुराच्या तीन डब्यांत वाटून ठेवल्या होत्या. एका डब्यात धडधाकट, दुसऱ्यात जपून वापरायच्या, तिसऱ्यात निवृत्त व्हायला आलेल्या. हे गणित फक्त माझ्या डोक्यात आणि त्या ठिपक्यांत होतं.

आता फिलोमिनाबाई. वसईच्या, आमच्या क्लबाच्या हाऊसकीपिंगच्या प्रमुख. बाईंचं वैशिष्ट्य असं, की काळं पितळ बघितलं की त्यांच्या जिवाची तगमग व्हायची. लहानपणी गावच्या चर्चमधल्या मेणबत्त्यांचे स्टँड चिंच लावून घासण्याचं काम त्यांच्या आईकडे होतं, आणि फादर म्हणायचे की फिलूच्या आईच्या स्टँडमध्ये तोंड बघून भांग पाडावा. हे मी शंभरदा ऐकलंय.

मी दर खंडेनवमीला माझ्या प्रेसची पूजा करायचो. कारखान्यातली सवय. मोठा गाजावाजा नाही, दांड्याला हळदकुंकू, एक झेंडूचं फूल, पेढा. पठाण वॉचमन पेढ्यासाठी सकाळपासून घिरट्या घालायचा. त्या वर्षी खंडेनवमीनंतर दोनच दिवसांनी अबू मरियम यांचा मोठा दिवस होता. त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू, शिवाय मागचा पडदाही खराब, डॉक्टरांनी बंदूक बंद सांगितलेली. त्यांनी ठरवलं की बंदूक मरियमच्या हातात द्यायची. ती तिकडे दूर रुवैसला रिफायनरीत इंजिनियर. ती खास सुट्टी काढून येणार, घरची मंडळी येणार आणि सगळ्यांसमोर आजोबांच्या बंदुकीने बार टाकणार. म्हातारा महिनाभर दुसरं काही बोलला नव्हता.

खंडेनवमीच्या सकाळी मी आलो तो खोलीत चिंचेचा वास. टेबलावर पांढरंशुभ्र फडकं, फडक्यावर ओळीने उभ्या केलेल्या पुंगळ्या, सोन्यासारख्या झगझगीत. तिन्ही डब्यांतल्या, एकत्र. शेजारी फिलोमिनाबाई, कमरेवर हात.

"काय भाऊ, कसं वाटतंय? तुम्ही एवढे पूजेबिजेचे, आणि पितळ असं काळं ठेवता? चिंच, मीठ, नि वरून जरा राख. मग काल गच्चीत उन्हात वाळवलं. परांजपे सरांनी चावी दिली, म्हणाले पाहुणे येतायत, चकाचक करा."

मी एक पुंगळी उचलली. उलटी केली. बूड आरशासारखं. ठिपका नाही. दुसरी उचलली, नाही. तिसरी, नाही. ठिपके तर गेलेच, शिवाय सगळ्याच चकचकीत, त्यामुळे कुठलीला कडं आलंय आणि कुठलीला नाही ते ब्रह्मदेवालाही दिसलं नसतं.

मी मट्कन खाली बसलो. जगात इतके देश आहेत, इतक्या जाती-जमाती आहेत. बंदुकीच्या पुंगळ्या चिंचेने घासायचं सुचेल असं माणूस फक्त आमच्या महाराष्ट्रातच जन्माला यावं, आणि तेही पूजेच्या दिवशी मला खूष करायला!

"काय झालं भाऊ? आवडलं नाही?" बाईंचा चेहरा पडला.

"फार छान झालंय," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार? एका गोष्टीचं समाधान होतं. पितळ जास्त वेळ आंबटात राहिलं की गुलाबी पडतं आणि आतून भुसभुशीत होतं. ह्या गुलाबी पडल्या नव्हत्या. बाईंच्या हाताला अंदाज होता.

परांजपे आले, बघून खूष झाले आणि मोबाइलवर फोटो काढायला लागले. मी त्यांना काय झालंय ते सांगितलं.

"पण घारे," ते मला म्हणाले, "वर्स्ट केस काय? त्यातल्या काही थोड्या वीक असतील. एकच इव्हेंट आहे. इन्शाल्ला काही होणार नाही."

"इन्शाल्ला बरोबर आहे हो सर," मी म्हटलं, "फक्त बंदुकीमागे गाल तुम्ही टेकवा. मरियमला मी सांगतो उशिरा यायला."

परांजपे हसले, मग हसायचं थांबले. "तुम्हाला काय करायचंय ते करा," असं म्हणून गेले, आणि खरं सांगायचं तर त्यांनी पुढे एका शब्दाने अडवलं नाही.

बाहेरून दिसत नाही तर आतून चाचपायचं, एवढाच मार्ग उरला. पातळ झालेल्या पितळेला बुडाच्या वर आतून घळ पडलेली असते. बारीक तारेचं टोक वाकवून आतून भिंतीवरून वर ओढत आणलं, की टोक त्या घळीत अडतं. बोटाला कळतं. माझी त्या कामाची तार नेमकी कुठे गेली कोण जाणे. शोभा पूजेसाठी फुलं घेऊन आली होती, तिच्या अंबाड्यात आकडे होते.

"एक आकडा दे."

"इथे? आत्ता? अंबाडा सुटेल माझा."

"सुटू दे. एका माणसाचा डोळा आहे ह्यात."

तिने काढून दिला. मी तो सरळ केला, टोक पक्कडीने जरासं वाकवलं आणि बसलो. पहिली पुंगळी, अडला. दुसरी, अडला. तिसरी गुळगुळीत गेली, म्हटलं वा. चौथी, अडला. मी तीन डबे केले होते ते माझ्याच समाधानासाठी, असं दिसत होतं. धडधाकट म्हणून ज्यांना मिरवत होतो त्यांतल्याही कित्येक आतून पोखरलेल्या निघाल्या. आधीच्यांनी जे दाबून ठेवलं होतं ते माझ्या मान दाबण्याने थोडंच भरून येणार? चिंच घासली नसती तर मी ठिपके बघून त्यातलीच एखादी मरियमच्या हातात दिली असती. हा विचार आला तेव्हा मी आकडा खाली ठेवला, आणि शोभाने मला पाणी दिलं.

संध्याकाळपर्यंत सगळ्या चाचपून झाल्या. बिनधोक अशा एका मुठीत मावतील एवढ्याच. बाकी ढीग समोर, सोन्यासारखा चकाकत, पण मेलेला.

आमच्यात पद्धत अशी की बाद पुंगळी लगेच पक्कडीने चेपून टाकायची, म्हणजे चुकून कुणी वापरायला नको. मी पक्कड उचलली आणि ठेवली. एखाद्याच्या बापाच्या पुंगळ्या अशा त्याच्या पाठीमागे चेपता येत नाहीत. मी फोन केला, दुसऱ्या दिवशी सकाळी या म्हटलं.

अबू मरियम आले, बरोबर मरियम. पस्तिशीची, काळा अबाया, पायात रिफायनरीतले बूट. म्हातारबुवांना धूसर दिसत होतं, पण चमक दिसली. ते टेबलाजवळ आले आणि थांबले.

"माशाल्ला," ते म्हणाले. मग एक पुंगळी उचलून डोळ्यांजवळ धरली. "मेरा बाप रेत से घिसता था. शादी में जाना होता था तो पट्टे में लगाता था, दूर से चमकता था. उसके बाद मैंने ऐसा कभी नहीं देखा. किसने किया?"

दाराशी फिलोमिनाबाई लपल्या होत्या, त्यांना मी पुढे ढकललं. त्यांना वाटलं आता नोकरी गेली. म्हाताऱ्याने छातीवर हात ठेवून मान झुकवली. बाई रडायलाच लागल्या.

आणि अशा वेळी मला सांगायचं होतं, की हा ढीग मेला. मला भाषणं जमत नाहीत. मी आकडा त्यांच्या हातात दिला, एक पुंगळी दिली आणि त्यांचा हात धरून टोक आत बुडापर्यंत नेलं. "धीरे से ऊपर लाओ."

आकडा अडला. त्यांच्या भुवया वर गेल्या. त्यांनी परत केलं, परत अडला. डोळे गेले होते, बोटं नव्हती गेली. मी दुसरी दिली. मग ते स्वतःच ढिगातून घ्यायला लागले, एकेक, आणि अडली की डावीकडे ठेवायचे. मरियम शेजारी उभी राहून बापाच्या बोटांकडे बघत होती.

"खलास?" शेवटी त्यांनी विचारलं.

"खलास, बाबा. इतना बचा." मी मूठ उघडली.

त्यांनी माझ्या तळहातावरच्या पुंगळ्या बोटांनी चाचपल्या. मग मरियमकडे वळून अरबीत काहीतरी म्हणाले, ती हसली आणि मला इंग्रजीत म्हणाली, "ही सेज, वन शॉट अ यर."

"साल में एक," ते म्हणाले. "तू सिर्फ गर्दन दबायेगा, कंधा नहीं. फिर कितना जियेगा?"

मी मनात हिशेब केला. वर्षाला एकच बार, पाळीपाळीने, नुसती मान दाबून. "बहुत साल," मी म्हटलं.

"फिर तो मेरे से ज़्यादा जियेगा," ते म्हणाले आणि मोठ्याने हसले. आम्ही कुणी हसलो नाही.

बाद पुंगळ्यांना मी त्यांच्यादेखत भोकं पाडली, म्हणजे त्यात परत कधी कुणी काही भरू नये. त्या वडिलांच्या जुन्या चामडी पट्ट्यात गेल्या, लग्नात मिरवायला. आवाराबाहेर न्यायची परवानगी त्यांनी त्यांच्या पद्धतीने काढली, मला त्यात विचारू नका. परांजपेंनी ह्या सगळ्याचं 'हेरिटेज अपसायकलिंग इनिशिएटिव्ह' केलं, आणि वर्षभरात त्यांना प्रमोशन मिळालं. फिलोमिनाबाईंना मिळाला मोठा खजुराचा डबा. मला काय मिळालं? मला विद्यार्थिनी मिळाली.

कारण ठरलेल्या दिवशी बार टाकून झाल्यावर मरियम ती गरम पुंगळी घेऊन थेट माझ्या खोलीत आली आणि म्हणाली, "आप रिटायर होगा तो कौन दबायेगा? मेरे को सिखाओ." इंजिनियर लोकांना शिकवणं म्हणजे डोकेफोड, त्यांना आधी ड्रॉइंग लागतं. पहिल्या दिवशी तिने विचारलं, टॉलरन्स किती? मी म्हटलं, गोळी बोटाने दाबून आत सरकायला नको आणि मान चिरायला नको, त्याच्या मध्ये. तिने वहीत काहीतरी लिहिलं आणि खोडलं. दुसऱ्या क्लबातून आणलेल्या भंगार पुंगळ्यांवर तिने हात बसवला, कित्येक चिरडल्या. मी प्रत्येक वेळी म्हणायचो, "यल्ला, और एक." रुवैसहून एवढं अंतर गाडी हाकत यायची, नुसती मान दाबायला.

मी रिटायर झालो त्याला आता काही वर्षं झाली. मुलाच्या व्हिसावर शारजातच राहतो. सरकारी कागदावर मी आता 'डिपेंडंट' आहे. आयुष्यभर इतरांच्या डोळ्यांची जबाबदारी सांभाळली, आता नातू मला लिफ्टचं बटण दाबून देतो आणि म्हणतो, "केअरफुल, आजोबा."

पण वर्षातून एकदा, खंडेनवमीच्या आसपास, मरियमची गाडी मला घ्यायला येते. मला खुर्ची देतात, चहा देतात. अबू मरियम शेजारी बसायचे. बार झाला की मला विचारायचे, "लगा?" निशाणा त्यांना दिसायचाच नाही. मी निशाण्याकडे न बघताच सांगायचो, लगा बाबा. मग मरियम पुंगळी आणून त्यांच्या हातात द्यायची, आकडाही द्यायची, आणि ते आत फिरवून म्हणायचे, "साफ."

ह्या वर्षी शेजारची खुर्ची रिकामी होती. उन्हाळ्यातच गेले. मला फोन आला होता. मरियमने बार टाकला, पुंगळी काढली आणि सवयीने त्या खुर्चीपर्यंत चालत आली. तिथे येऊन थांबली. मग ती खाली वाळूतच बसली, आकडा आत घातला आणि डोळे मिटून हळूहळू वर ओढला. मी तिच्या हाताकडे बघत होतो. हात कुठेही अडला नाही.

"साफ," ती म्हणाली. बापाच्याच आवाजात.

आयुष्यभर मी ज्याला त्याला टोमणे मारत आलो. त्या वेळी नुसतं पाणी आलं डोळ्यांना. म्हातारा म्हणाला होता तसंच झालं होतं, पुंगळ्या त्याच्याहून जास्त जगल्या होत्या, आणि हे माझ्या हातून झालं होतं.

घरी आलो तर शोभा दारातच. "झाली तुमची पुंगळी? आणि माझा आकडा? किती वर्षं झाली, आज तरी आणलात का?"

"नाही," मी म्हटलं. "मी रिटायर झालो, तो नाही अजून."

ती काहीतरी बोलणार होती. माझ्या तोंडाकडे बघून चहा ठेवायला आत गेली.